न तडकलेली पट्टी

शिवराम मुकादम गेला ही बातमी मला पिंपरीत, जमिनीपासून वीस हात उंचीवर, एका नव्या कारखान्याच्या भिंतीवर नाव रंगवताना मिळाली. खालून मुरमाचा ट्रक चालला होता. ड्रायव्हर ओळखीचा, आमच्या खडकवाडीच्या टेकडीवरूनच भरून आणणारा. त्यानं वेग कमी करून, मान बाहेर काढून हाक दिली, "ओ रंगारी! तुमचा मुकादम गेला राव पहाटं. दम्यानं." आणि पुढं निघून गेला, कारण मागं आणखी तीन ट्रक उभे होते. माझ्या हातातला कुंचला तसाच खाली ओघळत गेला आणि मी काढत असलेल्या अक्षराचा काना इतका लांबला, की तो कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचून रस्ता ओलांडून पलीकडच्या हॉटेलात चहा प्यायला बसला असता. या पुरवणीचे जुने वाचक आता हसतील. हसा. मी आजवर इथं जे जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं होतं आणि उरलेलं निम्मं फुगवलेलं. आळंदीच्या बाजारात माझ्या हातचा बोर्ड वाचून म्हैस दुकानात शिरली, हे मीच लिहिलं होतं. पण आजच्या मजकुरात पुढं एक जागा येईल, तिथं मात्र कृपा करून हसू नका. ती जागा कोणती, ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

मुकादम आमच्याकडचा नव्हे. खडकवाडी म्हणजे चऱ्होलीच्या अलीकडं, एका बोडक्या टेकडीच्या पायाशी पसरलेली चाळीस उंबऱ्यांची वाडी. टेकडीवर देवीचं ठाणं, आणि टेकडीला अगदी पाठ लावून बसलेली घरं म्हणजे खालची आळी. मुकादमाची बायको, आमची सरूवहिनी, या वाडीची लेक. मुकादम उभी हयात घाटरस्त्याच्या गँगवर होता. पावसाळ्यात कडा खाली आला की तो उपसून रस्ता मोकळा करायचा, हे त्याच्या टोळीचं काम. अशाच एका उपशात वरून दुसऱ्यांदा कडा आला आणि त्याची टोळी आत राहिली. हा एकटा शिंकायला म्हणून चार पावलं बाजूला गेला होता, म्हणून वाचला. हे तो स्वतः सांगायचा, आणि शिंकेची गोष्ट असूनही ती सांगताना कुणाची हसायची छाती व्हायची नाही. त्यानंतर नोकरी सोडून तो सासुरवाडीला आला. येताना काय आणलं? तर एक पत्र्याची पेटी, एक गाठी मारलेली दोरी, आणि उजव्या अंगठ्याचं वाढवलेलं नख. दगडाच्या कपच्या उडून उडून त्याचे डोळे अधू झाले होते. दरीपलीकडची बकरी दिसायची, पण हातातली भाकरी करपली आहे का ते कळायचं नाही. म्हणून जवळचं सगळं तो नखानं वाचायचा. भिंतीवरून नख फिरवून "हितं गवंड्याचं जेवान झालं, म्हनून थर बदललाय" असं सांगायचा. ही थाप नाही. बरं, थोडी आहे.

त्याच सुमाराला पिंपरीकडं कारखान्यांची जोती उठायला लागली, कॅम्पातले रस्ते भरायला लागले, आणि या सगळ्या भरावाला मुरूम हवा होता. आमची टेकडी म्हणजे आयता मुरूम. एका ठेकेदारानं तिच्या पायथ्याला हात घातला. वाडी खूश. पोरांना रोज मिळाला, ट्रकवाल्यांना चहा, आणि मला बोर्ड. मुकादम मात्र पहिल्या दिवशी खाणीपाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "रंगारी, उभ्या मानसाचे पाय कापले तर काय हुईल?"

"खुर्चीवर बसंल की!" मी म्हणालो. अख्खी खाण हसली. तो हसला नाही. तेव्हा मला वाटलं, याला विनोद कळत नाही. नंतर कळलं की त्याला विनोद चांगलाच कळायचा. त्याला फक्त टेकडी जास्त कळायची.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं देवीच्या वाटेवर एक फट दाखवली. चंद्रकोरीसारखी वाकलेली, टेकडीच्या माथ्याला मिठी मारल्यासारखी, बोटभरसुद्धा नाही. "जमीन वाळली की भेगाळतेच," सगळे म्हणाले. तो म्हणाला, वाळल्याची भेग जाळीसारखी असती, ही एकच हाय आणि तिला दोन टोकं हायत. मग त्यानं फटीच्या वरच्या अंगानं एक चर खणायला घेतला, पावसाचं पाणी फटीत न जाता बाजूच्या ओढ्याला जावं म्हणून. एकटा खणत होता. वाडीतल्या कुणाला वाटलं पुरलेलं धन शोधतोय, आणि त्या कुणाला तसं वाटायला मीच कारण होतो, हे कबूल करतो. पण त्यानं ती अफवासुद्धा वापरली. चार पोरं धनाच्या आशेनं फावडी घेऊन वर गेली आणि चर पुरा झाला.

आणि मग तो माझ्याकडं चुना मागायला आला.

रंगाऱ्याकडं चुना मागायला सगळेच येतात. पण याची मागणी ऐकून मी स्टुलावरून खाली पडायचा राहिलो. त्याला तडकणारा चुना हवा होता! आयुष्यभर मी चुना तडकू नये म्हणून सरस शिजवला, डिंक भिजवला, पांढरा दिसावा म्हणून नीळ टाकली, आणि हा माणूस म्हणतो, "सरस नगं, नीळ नगं, काय नगं. नुसता कळीचा चुना आन वाळू. असा ठिसूळ, की केसाएवढं हाललं तरी फुटला पायजे." फटीच्या दोन्ही काठांवर सात ठिकाणी समोरासमोर दगड बसवून त्यानं त्यांच्यावरून, फटीला आडव्या, त्या चुन्याच्या हातभर लांबीच्या पट्ट्या ओढल्या. फट रुंदावली तर पट्टी तडकणार. माणसाच्या डोळ्याला टेकडी हललेली दिसत नाही, पण पट्टीला कळतं. रोज संध्याकाळी तो वर जायचा आणि सातही पट्ट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. नख अडलं नाही की खाली येऊन वहिनीला म्हणायचा, "भाकर टाक." पट्ट्या तपासल्याशिवाय तो जेवत नसे. लोक म्हणायचे, याची एकादशी टेकडी ठरवते.

पट्ट्या ओढल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन तडकल्या. मुकादमानं खालची आळी डोक्यावर घेतली, गोदाकाकूंच्या घरातली भांडी स्वतः बाहेर काढली. गोदाकाकू म्हणजे खालच्या आळीचा कारभार. सासू झाल्यापासून त्यांनी कुणाचं ऐकल्याची नोंद नाही. त्यांनी कमरेवर हात ठेवून टेकडीकडं पाहिलं, मुकादमाकडं पाहिलं, आणि मग माझ्याकडं. "टेकडी हाय तिथं हाय. ह्या रंगाऱ्याचा चुनाच लबाड! जसा मालक तसा माल." मुकादमानं वर जाऊन दोरीनं मापून बघितलं. फट खरंच जिथल्या तिथं होती. चुना मी घाईत विझवलेला, त्यात खडे राहिलेले, तो आपोआप फुटला होता. सबंध वाडी आठवडाभर हसली. माझी थाप पकडली गेली तर मला कधी वाईट वाटत नाही, पण माझ्या चुन्याला नावं ठेवलेली मला झोंबली. पिढीजात धंदा आहे. माझ्या आज्यानं लावलेला चुना... जाऊ द्या. आज आज्याला यात ओढत नाही.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचं, त्या वर्षी हत्तीचा पाऊस नवरात्राला भिडून आला. त्याआधीच मुकादम अस्वस्थ होता. खालच्या आळीतला झरा गढूळ झाला होता, गोदाकाकूंच्या घराचं दार चौकटीत अडकायला लागलं होतं, आणि खाणीच्या वरचं निंबाचं झाड, जे मी लहानपणापासून सरळ पाहिलं, ते खाली वाकून काहीतरी ऐकत असल्यासारखं दिसत होतं. पट्ट्या अजून शाबूत होत्या. तरी त्यानं खालच्या आळीला शाळेत हलवलं. कसं हलवलं, ते मला ठाऊक आहे. तो गोदाकाकूंच्या पाया पडला. माझ्यादेखत. "काकू, माझी टोळी मी न्हाई हालवली. तेवढं एकडाव ऐका." काकूंनी पाटा-वरवंटा सुनेच्या डोक्यावर दिला आणि निघाल्या. त्यांच्यामागं आळी निघाली. मग मुकादम, निदान पावसापुरती तरी खाण बंद करावी असा हुकूम आणायला, अर्ज घेऊन पुण्याला साहेबाकडं गेला. दोन दिवस.

त्या दोन दिवसांत घटस्थापना तोंडावर आली. दरवर्षी घटाच्या आधी देवीचं ठाणं, पायऱ्या आणि वाटेवरचे दगड चुन्यानं पांढरे करायचे, हे माझ्या घराण्याकडं आहे. पाऊस उघडला तशी मी दोन बादल्या घेऊन वर गेलो. आणि बघतो तर काय, मुकादमाच्या सातांपैकी तीन पट्ट्या तडकलेल्या.

हीच ती जागा.

टेकडी हलली असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. एका क्षणापुरतं आलं, आणि लगेच त्याच्यावर गोदाकाकूंचा आवाज आला, "चुनाच लबाड!" उद्या सबंध वाडी घटाचं पाणी घेऊन देवीला येणार, या पट्ट्यांवरून पाय टाकणार, आणि म्हणणार, बघा, पुन्हा रंगाऱ्याचा चुना. पावसानं भिजला म्हणून फुटला असेल, मी स्वतःला समजावलं. मी समजावण्यात पटाईत आहे, म्हैस दुकानात घालतो तर स्वतःला का नाही? मी पट्ट्यांच्या तड्यांत काथ्या ठासला, सरस घातलेला, नीळ टाकलेला माझा उत्तम चुना घेतला, आणि तिन्ही पट्ट्या अशा भरल्या, की खाली हत्ती चालला तरी त्या हलू नयेत. बाकीच्या चारांवरही एक हात मारला, रंग एकसारखा दिसावा म्हणून. मागं सरून पाहिलं. सुंदर दिसत होत्या.

मुकादम तिन्हीसांजेला परत आला. चिंब भिजलेला. साहेब म्हणाले होते, दसऱ्यानंतर या. तो शाळेत पोचतो न पोचतो तोच गोदाकाकू समोर उभ्या. "मुकादम, उद्या घट. घट ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यातच बसतो, शाळंत न्हाई बसत. नऊ दिवस दिवा तेवता ठेवावा लागतो, घराला कुलूप लावून चालत न्हाई. तू सांग. तू न्हाई म्हनलास तर न्हाई." ज्या बाईनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ती त्याला विचारत होती. आळीतल्या सगळ्या बायका त्यांच्यामागं उभ्या, हातात परडी, परडीत माती, पदरात गहू.

तो तसाच ओल्या अंगानं वर गेला. धुकं उतरलं होतं. मी शाळेच्या पायरीवर बसून कुणालातरी कुठलीतरी थाप सांगत होतो. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा इतका सैल झाला होता, की मी त्याला पहिल्यांदाच पाहतोय असं वाटलं.

"साती शाबूत हायत," तो म्हणाला. "नख कुटंबी अडलं न्हाई. जावा, घट बसवा."

"म्हंजी ह्या खेपेला रंगाऱ्याचा चुना टिकला म्हनायचा!" गोदाकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. प्रेमानं हसल्या. आणि मी... मी छाती पुढं काढून म्हणालो, "आमच्या आज्याची कृती आहे, काकू."

तेव्हा मी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. उभ्या आयुष्यात मी जितकी वाक्यं बोललो ती ओळीनं मांडली तर इथून चाकणपर्यंत जाऊन परत येतील, आणि त्यात ते एक नाही.

तिसऱ्या माळेच्या दिवशी, सकाळची उन्हं वर आल्यावर, टेकडी आली. इथं मला फुगवता येत नाही. ट्रक मुरूम रिकामा करतो तेव्हा होतो तसाच आवाज झाला, जरा लांबलेला. रोजचा होता, म्हणून कुणी मान वर केली नाही. मीही नाही, चहा पीत होतो. मग धूळ यायला हवी होती ती आली नाही, कारण सगळं ओलं होतं. तीन घरं गेली. सात माणसं. गोदाकाकू, त्यांची सून, आणि शेजारची. उपसायला पहिलं फावडं मुकादमानं घातलं आणि शेवटपर्यंत त्याच्या हातातून ते कुणाला काढून घेता आलं नाही. दुपारनंतर त्याच्या फावड्याला एक परडी लागली, न मोडता तशीच. तीन दिवसांचे गव्हाचे कोंब होते तिच्यात, नखाएवढे, पिवळे.

पंचनाम्याला आलेल्या साहेबानं विचारलं, "शाळेतून परत घरी जायला या लोकांना सांगितलं कुणी?"

"मी," मुकादम म्हणाला.

"कशाच्या आधारावर?"

"पट्ट्या वाचल्या. चुकीच्या वाचल्या."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. अधू डोळ्यांचा माणूस, मला वाटलं, नुसताच पाहतोय.

त्यानंतरची तीन वर्षं मी काय लिहू? खालच्या आळीतली उरलेली माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. कीर्तनाला तो बसला की शेजारची जागा रिकामी राहायची. वहिनी पाण्याला गेल्या की पाणवठ्यावरचं बोलणं थांबायचं. खाण चार महिने बंद राहिली आणि मग टेकडीच्या पलीकडच्या अंगानं सुरू झाली. टेकडीला दुसरी बाजू आहे, हे ठेकेदाराला आमच्याआधी सुचलं. तिकडच्या वस्तीत जाऊन मुकादमानं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, तुमचं ऐकून गेलेल्यांचं काय झालं ते आम्हाला ठाऊक आहे. यावरचं उत्तर माझ्याकडं होतं. मी पिंपरीत बोर्ड रंगवत होतो, आणि पूर्वीच्या दुप्पट मोठ्या थापा मारत होतो, आणि लोक म्हणत होते, रंगारी अलीकडं फार रंगात आलाय.

दर महिन्याला तो मात्र माझ्याकडं यायचा. पलीकडच्या अंगाला फटी शोधून त्यानं नव्या पट्ट्या ओढायला घेतल्या होत्या, कुणी विचारत नसताना. दारात उभा राहायचा. "रंगारी, चुना." मी उठून द्यायचो. आणि प्रत्येक वेळी, जाता जाता, पाठमोरा, तेच बोलायचा, "सरस नगं हां. नीळ नगं." दर महिन्याला. मी मनात म्हणायचो, म्हातारा किती वेळा तेच तेच सांगतो! आणि वर म्हणायचो, "न्हाई हो दादा, माहिताय की मला." मग तो क्षणभर थांबायचा... आणि जायचा.

बाराव्याला मी गेलो. माणसं फारशी नव्हती. वहिनींनी मला आत बोलावलं, फळीवरची पत्र्याची पेटी काढली आणि माझ्या हातात एक फडकं दिलं. "हे तुमचं हाय, भाऊजी." उघडलं. चुन्याच्या पट्टीचा वीतभर तुकडा. वाकलेला, पण अखंड. दोन्ही टोकांना दगडाची कपची चिकटलेली, मध्ये काथ्याचे धागे, आणि उजेडात धरला तर निळसर झाक. अख्ख्या पंचक्रोशीत अशी नीळ एकटा मीच टाकतो. टेकडी फाटली, पण माझा चुना फाटला नव्हता. फडक्यात त्याच दिवसाची ओली माती वाळून राहिली होती. म्हणजे त्यानं तो उपसताना उचलला होता. पंचनाम्याच्या आधी.

"त्यांनी कधी..." मी तुकडा पुन्हा फडक्यात ठेवला. "बोलले का न्हाईत?"

"मी म्हनलं व्हतं, सांगा समद्यांना. तर म्हनले, रंगारी सोताहून सांगंल. त्याच्या तोंडून आलं तर लोक पट्टीवर पुन्ना इस्वास ठेवतील. माझ्या तोंडून आलं तर म्हनतील, मुकादम दुसऱ्यावर ढकलतोय." वहिनी पेटी बंद करत होत्या. "दर महिन्याला यायचे तुमच्याकडं. घरात व्हता की चुना. पोतंभर पडलाय परसात."

तर आता सांगितलं. सातांपैकी तीन पट्ट्या तडकल्या होत्या. मुकादमाची रीत चुकली नव्हती, त्याचं नख चुकलं नव्हतं. टेकडीनं वेळेवर सांगितलं होतं आणि मी तिच्या तोंडात काथ्या कोंबला. मागच्या आठवड्यात मी हेच पलीकडच्या वस्तीवर जाऊन सांगितलं, चावडीसमोर, मोठ्यानं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग एक जण मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा रंगारी, म्हशीपेक्षा ही भारी!" आणि बाकीचे हसले. मी तिथून मुकादमाच्या नव्या पट्ट्या बघायला वर गेलो. त्याच्यामागं त्या बघायला कुणी आलेलं नाही. गवत वाढलंय. मला अकरा सापडल्या. त्यांतल्या किती तडकल्यात, ते मी तिथल्या माणसांना पुन्हा खाली येऊन सांगितलं. त्यांनी मला चहा पाजला.

तो तुकडा आता माझ्या खिडकीत आहे. खाली मुरमाचे ट्रक जातात तेव्हा खिडकीचे गज वाजतात, तावदानाला तडा गेलाय, भिंतीच्या माझ्याच चुन्याचा पोपडा निघालाय. मी अंगठ्याचं नख वाढवलंय. रोज संध्याकाळी, जेवायच्या आधी, त्या तुकड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. कुठंही अडत नाही.